परतणारा हात

४ जून

प्रिय ताई,

फोनवर बोलायचं तर तू प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणतेस, मी ओरडतो आणि कसलं भांडण झालं म्हणून माझे शेजारी दार उघडतात. तेव्हा कागदच बरा.

भावोजींनी मला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तुझ्या तळपायाला सुई टोचली तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस, तुला कळलंसुद्धा नाही. साखर अशीच राहिली तर पाय जपता येणार नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. ताई, हे हसण्यावारी नेऊ नको. तुझं सगळं आयुष्य त्या शिलाई मशीनच्या पायडलवर गेलं. पाय धड आहेत म्हणून मशीन चालतं, आणि मशीन चालतं म्हणून तू कुणापुढे मान खाली घातली नाहीस.

मी तुझ्याहून लहान, पण याबाबतीत मला दोन शब्द बोलायचा अधिकार आहे असं समजतो. बिस्किटांच्या कारखान्यात मी कितीतरी वर्षं चवीच्या टेबलावर बसतो. प्रत्येक घाण्यातलं बिस्किट तोंडात घ्यायचं, चावायचं, जिभेवर फिरवायचं, शेजारच्या तस्तात थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि शेरा सांगायचा. गिळायचं नाही, हा नियम. दिवसभर तोंडात साखर असते, पोटात मात्र बायकोने दिलेलं साधं जेवण. टेबलावर बसून मी आजवर एक तुकडाही गिळलेला नाही. यात मला मोठेपणा मिरवायचा नाही. पण जिभेला लगाम घालता येतो, हे मी रोज अनुभवतो. सकाळी उठल्यावर क्षणभर देवापुढे शांत बस आणि म्हण, आजचा दिवस माझी जीभ माझ्या ताब्यात राहू दे. फरक पडतो.

मोडक्या बिस्किटांचा जो डबा कारखान्याकडून दर महिन्याला मिळतो, तो मी तुला पाठवत आलो. या महिन्यापासून बंद करतो. रागावू नको.

तुझा
धाकटा

१५ जून

धाकट्या,

आशीर्वाद. प्रवचन पोचलं. लहानपणी साखरेच्या बरणीत ओला चमचा घालून घरभर मुंग्या कोण बोलवायचं, हे मी तुझ्या बायकोला अजून सांगितलेलं नाही. आता सांगावं म्हणते.

माझी काळजी करू नको. तुझे भावोजी माझे पहारेकरी झालेत. गोड काही घरात आलं की कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात. निवृत्त माणसाला काहीतरी काम हवंच होतं. मी उकडलेल्या भाज्या खाते. मी त्यांना खाते की त्या मला, ते अजून ठरायचंय.

डबा मात्र बंद करू नको. मी त्याला हात लावत नाही, जिन्याखालच्या मुलांना वाटते. झाकण वाजलं की पोरं धावत येतात. आमच्या या जिन्यात तेवढीच काय ती जाग आहे. मला शहाणं करण्यासाठी त्यांच्या तोंडचा घास कशाला काढतोस?

एक विचारू? तू त्या कामातला माणूस, म्हणून विचारते. मी कापड बेतायला बसते, मन सगळं कापडात असतं, आणि मध्येच बघावं तर हात भलतीकडेच गेलेला असतो. पूर्वीचं सांगतेय हो, आताचं नाही. मनाच्या आधी हात कसा जातो रे? मी काही अधाशी नाही. सगळ्यांना वाढून मग पानावर बसणारी बाई मी, तू बघितलंयस. कळतं पण वळत नाही असं लोकांबद्दल म्हणायचे, तेव्हा वाटायचं, ज्याला वळत नाही त्याला मुळात कळलेलंच नसतं. आता तसं वाटत नाही. मला सगळं कळतं. मग माझ्यात हे कोण येऊन बसलंय?

उत्तर दे, उपदेश नको.

ताई

२८ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. भावोजींच्या हाती किल्ली आहे म्हणजे चिंता नाही. मुलांसाठी डबा पाठवतो आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि तुला त्याची गंमत वाटेल. आमच्याकडे एक खोली आहे. तिथे दोन माणसांना समोरासमोर बसवतात आणि मध्ये बिस्किटांचा वाडगा ठेवतात. बिस्किटांबद्दल बोलायचं नाही. घरचं बोला, मुलांचं बोला, सांधेदुखीचं बोला. काचेपलीकडे एक बाई बसलेली असते, ती फक्त हात बघते. पहिल्यांदा हात वाडग्यात जातो त्याला किंमत नाही. तो भुकेने जातो, नाहीतर भिडेने. तो परत कधी जातो, ते खरं. बोलणं न तुटता, वाडग्याकडे न बघता गेला, तर माल पास. आम्ही त्याला परतणारा हात म्हणतो. तेव्हा तुझ्यात कुणी येऊन बसलेलं नाही. हात जावा म्हणूनच ती वस्तू तशी केलेली असते.

आता आनंदाची बातमी. यंदा नवीन बिस्किट निघतंय, अगदी पातळ, नाव ठेवलंय पाकळी. चवीला चांगलं होतं, पण हात परतत नव्हता. साहेबांनी टेबलावर सगळ्यांना विचारलं. मी म्हटलं, साहेब, याची गोडी फार वेळ रेंगाळते, माणूस तृप्त होतो. ती मध्येच तुटली पाहिजे, आणि तुटते तिथे मिठाचा कण लागला पाहिजे. शिवाय इतकं पातळ करा की दातांना काम उरू नये. विरघळून जावं आणि तोंडाला वाटावं, काही आलंच नव्हतं. तसा घाणा काढला. काचेपलीकडची बाई म्हणाली, आज मला पाणी प्यायलाही उसंत मिळाली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. खेड्यातल्या शाळेतून आलेला मी, देवाने एक जीभ दिली तीच कामाला आली.

डब्यात पाकळीच घातली आहे. मुलांना आवडते का ते कळव.

तुझा
धाकटा

२२ जुलै

धाकट्या,

पाकळी पोचली. मुलांना फार आवडली. तू म्हणतोस तशीच आहे. आधी गोड, मग कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं होतं, मग ते मीठ, आणि मग तोंड एकदम पोरकं. पोरकं तोंड काय करणार, परत मागतं. डब्याच्या तळाला जो चुरा उरतो तो सगळ्यात चांगला. मीठ खाली उतरतं ना. मुलं सांगतात.

पायाला जरासं लागलंय. पायडलचा कोपरा. दुखलं नाही, त्यामुळे समजलं नाही. मोजा ओला लागला तेव्हा बघितलं. भावोजी पट्टी बांधतात, तोंड असं करून की जखम त्यांनाच झालीय. तुला कळवू नका म्हणून त्यांना बजावलंय, म्हणजे ते कळवणारच, म्हणून मीच लिहून टाकते.

हल्ली मुलं वाढलीत. जमलं तर पुढच्या वेळी दोन डबे पाठव.

ताई

२ ऑगस्ट

प्रिय ताई,

काय जीभ आहे तुझी. गोडी तुटल्यावर तोंड पोरकं होतं, हे वाक्य मी टेबलावर वाचून दाखवलं. सगळे बघत राहिले. एक जण म्हणाला, तुमच्या घरात चव वारशाने येते वाटतं. एखादी पाकळी तू चाखली असणार, लपवू नको. एकीने काही बिघडत नाही.

जखमेकडे दुर्लक्ष करू नको. घरच्या पट्टीवर भागवू नको, डॉक्टरांना दाखव.

मला टेबलाचा मुख्य केलं आहे. कारखान्याच्या वसाहतीत मोठं घर मिळालं, दोन खोल्या जास्त. मुलीला अभ्यासाला स्वतंत्र खोली झाली, तिची आई दिवसभर पडदे लावते आणि काढते. तू शिवलेल्या पडद्यांची तिला आठवण येते.

दोन डबे पाठवले आहेत, एक सोबत्याकडून मागून घेतला. ताई, तुझा मला फार अभिमान वाटतो. नव्याने टेबलावर बसणाऱ्यांना मी तुझंच उदाहरण देतो. सांगतो, माझी ताई बघा, घरात भरलेला डबा असतो, आणि ती बोट लावत नाही. मी तर नियमाने थुंकतो. ती मनाने थुंकते.

तुझा
धाकटा

१९ सप्टेंबर

मेहुणे,

मला लिहायची सवय नाही. जन्मभर लिफ्टची दारं दुरुस्त केली. पण हे फोनवर सांगवणार नाही.

तुमच्या ताईला दवाखान्यात ठेवलं आहे. जखम आतून चिघळली. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. जखम भरली नाही तर आणखी वर जावं लागेल म्हणतात. कुठवर ते साखरेवर आहे.

आमच्या जिन्याखाली मुलं नाहीत. पोरंबाळं असलेलं शेवटचं कुटुंब जाऊन फार काळ झाला. आता सगळी आमच्यासारखी म्हातारी माणसं आणि एक मांजर. डबे मशीनच्या लाकडी झाकणाखाली सापडले. पुसून, धुऊन, एकात एक ठेवलेले.

तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे किल्ली होती ना. होती. ती किल्ली मागायची नाही. नुसता हात पुढे करून बसायची आणि दुसरीकडे बघायची. एक दिवस मी दिली नाही. ती मशीनवर बसून कापड चालवत राहिली आणि रडत राहिली, आवाज न करता. शिवण सरळ येत होती. ती सरळ शिवण मला बघवली नाही. त्यानंतर मी कधी नाही म्हटलं नाही. पहारेकरीच फितूर झाला, दुसऱ्या कुणाला काय बोलू.

आणखी एक सांगतो, रागावू नका. घरात डबा असून माझी ताई बोट लावत नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. ते पत्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मग घडी घालून ठेवलं. त्याच दिवशी तिने दुसरा डबा फोडला.

डबे पाठवू नका. कौतुकही पाठवू नका.

भावोजी

११ ऑक्टोबर

प्रिय ताई,

मी आलो होतो. तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस. पापण्या हलत होत्या. जागी आहेस हे मला कळलं होतं, पण खुर्ची ओढायचा धीर झाला नाही. व्हरांड्यात भावोजींबरोबर बसून परतलो. आम्ही दोघांनी मिळून कपभर चहा प्यायला.

तुझ्या पायाशी उभा असताना मी देवाला शब्द दिला. तुझी जखम भरेपर्यंत टेबलावर किंवा टेबलाबाहेर, कुठेही गोड गिळणार नाही. मला वाटलं, यात काय अवघड. टेबलावर गिळत नाहीच, आणि घरी मला गोडाची ओढ नव्हती कधी.

परत आलो, कामावर बसलो, पाकळीचा घाणा समोर आला. तोंडात घेतली. गोडी तुटली, मीठ लागलं. मी तस्ताकडे वळलो आणि ताई, मी गिळली. कुणी बघितलं नाही. पुढच्या घाण्याची पण गिळली. चूळ भरल्यासारखं केलं. त्या दिवसापासून असंच चाललंय. घरी येतो, जेवतो, आणि मुलीच्या खोलीत ठेवलेल्या डब्याचं झाकण वाजू नये म्हणून ते अंगठ्याने दाबून उघडायला शिकलोय. नको असं ठरवलं नव्हतं तोवर हवंसं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं ज्याला मी संयम म्हणत होतो तो काय होता? समोर तस्त होतं, शेजारी माणसं होती आणि पुढचं बिस्किट येणारच होतं. मला संयम नव्हता, मला तस्त होतं. तुझ्यापाशी काय होतं? घरात एकटेपण आणि मी पाठवलेला डबा.

साहेबांकडे गेलो. म्हटलं, मला पुडे बांधायच्या खात्यात टाका. ते हसले. म्हणाले, मुख्य साहेब, तुमच्या जिभेवर अख्खी पाकळी उभी आहे, आता ती तुमची एकट्याची राहिलेली नाही. टेबल सोडलं तर घर सोडावं लागेल, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. मुलीचं शिक्षण निम्म्यावर आहे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाची जीभ दुसरा कोण कामाला ठेवणार, आणि ठेवली तर कशासाठी ठेवणार?

सगळ्यात वाईट ते शेवटी लिहितो. साहेबांना आता छोटा पुडा काढायचा आहे. थोड्या तुकड्यांत हात आणखी लवकर परतायला हवा. त्यांनी मला विचारलं, मीठ जरा आधी लागलं तर? मी गप्प बसायला हवं होतं. चुकीचं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडून गेलं, आधी नको साहेब, किंचित उशिरा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि ती खरं बोलली. घाणा काढला, हात परतला.

सकाळी देवापुढे बसतो. काय मागावं ते सुचत नाही. बसून उठतो.

तुला काही सांगण्यासाठी हे पत्र नाही.

तुझा
धाकटा

२४ ऑक्टोबर

धाकट्या,

झोपेचं सोंग नव्हतं ते. मला तुझं तोंड बघायची लाज वाटत होती. तू टेबलावर माझं उदाहरण द्यायचास ना.

तुझं पत्र वाचून मी हसले. नर्स बघायला आली, म्हातारी एकटीच का हसते म्हणून. तू गिळलीस हे वाचून मला बरं वाटलं. देव मला माफ करो, पण वाटलं. इतके महिने मी एकटी होते रे. तुझे भावोजी समोर असायचे, पण ते मला वाचवायला बघत होते. वाचवणाऱ्या माणसाशी खरं बोलता येत नाही. तू आता माझ्याशेजारी येऊन बसलास. जागा चांगली नाही, पण बस.

टेबल सोडू नको, पोरीचं शिक्षण होऊ दे. मला डबा नको, उपदेश नको, शपथ तर नकोच. तू गिळलंस त्या दिवशी गिळलं म्हणून लिही, नाही गिळलंस तर तसं लिही. मीही लिहीन. खोटं लिहायचं नाही, एवढंच.

तर माझ्यापासून सुरुवात करते. उद्या सकाळी रक्त घेणार आहेत. साखर खाली आली असेल तर पाऊल राहील, नाहीतर घोट्याच्या वरून काढणार. डॉक्टर आज सरळ माझ्याशी बोलले, भावोजींकडे न बघता. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. इतके दिवस मी नीट वागलेय. इथे काही मिळतच नाही, म्हणून नीट वागलेय. तुझ्या तस्तासारखंच ते.

पण आज दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना घरी सोडलं. त्यांचा मुलगा आनंदाने सगळ्या वॉर्डात पुडे वाटत गेला. माझ्या उशाशी कपाट आहे, त्यावर ठेवून गेला. छोटा पुडा आहे, लाल. पाकळीचा. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तुमचा छोटा पुडा निघाला तर.

भावोजी औषधं आणायला खाली गेलेत. नर्स दाराशी बसून काहीतरी लिहितेय. मी तिला हाक मारली, हा पुडा घेऊन जा असं सांगायला. ती आली, म्हणाली, काय हवंय आजी? आणि मी म्हटलं, पाणी. तिने पाणी दिलं आणि गेली. परत हाक मारली तर परत येईल. मी परत पाणीच मागेन, हे मला माहीत आहे.

म्हणून कागद घेतला. लिहितेय तोवर उजवा हात इथे आहे. डावा मांडीखाली दाबून ठेवलाय, त्याला मुंग्या आल्यात. मी पुड्याकडे बघत नाही. बघितलं नाही तरी तो कुठे आहे ते कळतं, जसं पाठमोरं असताना कुणी बघत असलं की कळतं तसं.

पाठची बाजूही भरत आली. अक्षर बारीक केलंय, चष्मा लावून वाच. काय लिहू अजून? समोरच्या खिडकीला पडदा आहे, त्याची खालची पट्टी उलटी शिवलीय. कुणाच्याच लक्षात आलं नसेल. उसवून परत शिवायला फार वेळ लागणार नाही, पण बसून पायडल मारावं लागेल. पलीकडची बाई तिच्या सुनेला रागावतेय, उशीर का केला म्हणून. सून म्हणते, आत्या, बस चुकली. म्हातारी म्हणते, तुला बरी रोज एकच बस चुकते.

आता समासात लिहितेय, कागद आडवा धर. भावोजी अजून आलेले नाहीत. औषधाच्या दुकानात रांग असेल. रांगेत कुणी लिफ्टबद्दल बोललं तर ते लवकर येणार नाहीत.

अजून काही खाल्लेलं नाही. हे खरं लिहितेय.

समास भरला. आता फक्त लिफाफा उरलाय. त्यावर तुझा पत्ता घालायचाय. सावकाश घालेन, एकेक अक्षर गिरवून.

ताई